जवळचा खांब

"साहेब, दार लागत नाहीये," काठी धरणारी मावशी म्हणाली.

मी दुर्बिणीला डोळा लावून उभा होतो. घोट्याच्या वर चिखल, त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास, आणि हिला दाराचं पडलंय.

"कुठलं दार?" मी खेकसलो.

"वॉचमनच्या केबिनचं. दोन महिने झाले, खाली घासतंय. रोज लाथ मारून लावतो बिचारा."

"मग मी काय सुतार आहे?"

मावशी बारा वर्षं माझ्याबरोबर आहे. आकडे रंगवलेली उंच काठी ती मी सांगेन तिथे सरळ धरते, मी लांबून दुर्बिणीतून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. एकतीस वर्षं मी हेच करतोय. लोक मला लेव्हलवाला म्हणतात. खरं नाव पगारपत्रकात असेल.

इथे शाळा होणार होती, चार मजली. पण जमीन म्हणजे नुसती काळी, लिबलिबीत चिकणमाती. अशा जमिनीवर थेट बांधलं तर इमारत कलते. म्हणून आधी तिच्यावर दोन पुरुष उंच मुरमाचा ढीग रचतात आणि महिनोन्महिने ठेवून देतात. त्या वजनाने मातीतलं पाणी पिळून निघतं, जमीन दबते, घट्ट होते. दबायची थांबली की ढीग उचलायचा आणि पाया घालायचा. ती थांबली की नाही, हे सांगणारा माणूस मी. ढिगाच्या तळाशी लोखंडी पत्रे पुरलेत, त्यांच्या नळ्या वर डोकावतात. एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून काठी लावत यायचं आणि नळी किती खाली गेली ते मोजायचं. गेल्या दोन महिन्यांत जेमतेम दीड सेंटिमीटर गेली होती. सगळे खूश होते. सोमवारी ढीग उचलायला ट्रक येणार होते, आणि त्याच सोमवारी माझा निरोप समारंभ होता.

मी पुढच्या नळीचा आकडा लिहायला घेतला आणि पेन तसंच राहिलं. दार खाली घासतंय म्हणजे केबिनची जमीन खचतेय, आणि त्या केबिनपासून हातभर अंतरावर माझा खांब होता. म्हणजे माझी ती न हलणारी खूण.

खरी खूण पुलाच्या पायथ्याशी आहे, खडकात कोरलेली. अर्धा किलोमीटर लांब. दोन महिन्यांपूर्वी गुडघे बोंबलायला लागले, तेव्हा मी गेटजवळ सिमेंटचा खांब ओतून घेतला आणि तिथूनच मोजायला लागलो. ढिगाशेजारची जमीनही ढिगाबरोबर खाली ओढली जाते, हे नव्या माणसांना मीच ओरडून शिकवायचो. असा जवळचा खांब वापरणाऱ्या एकाला मी एकदा सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

"मावशी, काठी घे. पुलापर्यंत जायचंय."

तिने का म्हणून विचारलं नाही. पुलापासून खांबापर्यंत मोजत येईस्तोवर दुपार झाली. मी दोनदा मोजलं. खांब सहा सेंटिमीटर खाली गेला होता. म्हणजे जमीन दीड नाही, साडेसात सेंटिमीटर दबली होती आणि अजून दबत होती. खांबही तिच्याबरोबर बुडत होता, आणि मी त्याच्यावर विसंबून रोज सुवाच्य अक्षरात खोटं लिहीत होतो. मला स्वतःची किळस आली.

साइटच्या इंजिनिअरला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण एवढ्या चिखलातही त्याच्या शर्टाची घडी मोडत नाही. त्याच्या खोलीत गुलाबाच्या फवाऱ्याचा वास असतो. मी सगळं सांगितलं. त्याने माझ्या बुटांकडे आणि फरशीवरच्या डागांकडे पाहिलं.

"काका, सहा सेंटिमीटरचं काय घेऊन बसलात? बांधता बांधता बसेल ती जागेवर."

"जमीन बसेल. पण सगळीकडे सारखी बसणार नाही. भिंती फाटतील. वर्गात मुलं असतील."

"फाटल्या तर बुजवू. आणि तुमचा विचार करा ना. एकतीस वर्षांत एकही चूक नाही, असं निरोपाच्या कार्डावर छापून घेतलंय मी." त्याने माझी वही दोन बोटांनी, कडेला धरून, माझ्याकडे सरकवली. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही."

असल्या माणसाच्या तोंडावर थुंकावं. पण मी वही उचलली आणि मुकाट्याने बाहेर आलो. खरं सांगतो, मला त्याचं पटलं होतं. गेटपर्यंत चालत येईतो मी मनातल्या मनात समारंभाला घालायचा शर्टही ठरवला होता. त्याची मला अजून शिसारी येते.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या, चार दिवस राहिलेत. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही शेण खाल्लंत ते खाल्लंत. आता ते लोकांच्या लेकरांच्या ताटात कशाला वाढताय?"

"माझं नाव जाईल गं."

"जाऊ दे. तुम्हाला तरी नावाने कोण हाक मारतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन महिन्यांचे सगळे आकडे लाल शाईने खोडले. प्रत्येकाशेजारी 'चूक माझी' लिहून सही केली. त्याची प्रत घेऊन स्वतः शाळा बांधून घेणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात गेलो आणि पोच घेतली.

सोमवारी ट्रक आले तसे रिकामे परत गेले. साइटच्या फळ्यावर सूचना लागली: लेव्हलवाल्याच्या हलगर्जीपणामुळे काम पाच महिने लांबले. समारंभ रद्द झाला. इस्त्रीने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मुकादम मला बघून बाजूला पिचकन थुंकला. त्याचा मला राग आला नाही. मीही थुंकलो असतो.

अकराच्या सुमाराला माझ्या जागी नेमलेली बाई आली. चाळिशीची असेल, खांद्यावर स्वतःची दुर्बीण. मी तिला नळ्या दाखवल्या, वही दिली. लाल पानं तिने एकेक करून वाचली. ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने वही मिटून बगलेत धरली.

"मूळ खूण कुठाय?"

मी पुलाकडे बोट दाखवलं.

"बाप रे, तिथे? रोज?"

"रोज."

"जवळ एखादी नाही का?"

मावशी काठी धरून खाली बघत उभी राहिली.

"होती," मी म्हणालो. "मीच बसवली होती. चला, पूल दाखवतो."

ती वाकली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि निघाली. मी मागून, गुडघा धरत.