दांड्याच्या अलीकडचे शंभर

फुलसावंगीहून नदीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर टेंभुरदरा नावाचा तांडा लागतो. त्या तांड्याच्या तोंडाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लोखंडी दांडा आडवा दिसेल, तो मी. मित्रांनो, माझा रंग उडालाय, मधोमध थोडा वाकलोही आहे, पण म्हातारा म्हणून कोणी कीव केलेली मला खपत नाही. मी सरकारी नोकरी केलेला दांडा आहे.

माझा जन्म लोहाऱ्याच्या एमआयडीसीत झाला. सोळा फुटांचा पाइप कापून त्याच्या एका टोकाला सिमेंट भरलेला डबा जोडला, म्हणजे वजन सारखं होऊन एवढा लांब दांडा एका हाताने उचलता यावा. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने मला दोनदा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाला, "जमला." जन्माच्या वेळी माझं एवढंच कौतुक झालं.

तिथून माझी नेमणूक झाली थेट राज्याच्या सीमेवर, कराच्या तपासणी नाक्यावर. पलीकडून माल भरलेले ट्रक यायचे आणि माझ्यासमोर थांबायचे. आपल्या राज्याचा कर आपल्या राज्याने गोळा करायचा आणि तो कशावर खर्च करायचा हेही आपल्याच राज्याने ठरवायचं, अशी ती रीत होती. नाक्यावर बाबाराव नावाचे कारकून होते. नवा माणूस आला की ते माझ्या अंगावर हात ठेवून सांगायचे, "हा खाली आला का महाराष्ट्र सुरू." ते ऐकून मी ताठ व्हायचो. तेव्हा वाकलेलो नव्हतो.

मग सगळ्या देशाला एकच कर लागू झाला आणि नाके बंद झाले. ड्रायव्हर लोक खूश झाले. खोटं कशाला सांगू, माझ्यापायी त्यांचे तासन्‌तास रांगेत जात होते. शेवटच्या दिवशी बाबारावांनी मला वर केलं, दोरीने बांधलं आणि चहा पीत शिपायाला म्हणाले, "आता गोळा वर होईन अन् आपला वाटा वरून येईन."

"येईनच ना, साहेब," शिपाई म्हणाला.

"येईन. पन आपलाच वाटा मांगून घ्या लागन."

ते गेले आणि मी तसाच आभाळाकडे तोंड करून उभा राहिलो. दोन पावसाळ्यांत दोरी कुजली, मी दाणकन खाली आलो आणि मधोमध वाकलो. वेलींनी मला झाकून टाकलं. बकऱ्या अंग घासायच्या. माझा कोणाला राग नव्हता की लोभ नव्हता, आणि त्याचंच मला फार वाईट वाटायचं. शेवटी भंगाराचा लिलाव झाला. तिथे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले, त्यांनी मला उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि विकत घेतलं. ते देवसिंग, टेंभुरदरा या बंजारा तांड्याचे नायक.

नायकांना माझी गरज का पडली, ते सांगतो. तांड्याला स्वतःची ग्रामपंचायत नाही. दोन कोसांवरच्या मोठ्या गावाच्या पंचायतीला तो जोडलेला आहे. तिथल्या नऊ मेंबरांत तांड्याचा मेंबर एकच, गुलाबसिंग. नदीतल्या रेतीचे ट्रक तांड्यातून जातात. रस्ता खराब होतो म्हणून त्यांच्याकडून दर खेपेला दुरुस्तीचा कर घेतला जायचा, पण तो जमा व्हायचा मोठ्या गावात आणि खर्चही तिथेच व्हायचा. इकडे ट्रकांच्या चाकांखाली तांड्याची पाण्याची पाइपलाइन फुटली होती. दोन उन्हाळे अर्ज दिले, कोणी फिरकलं नाही. बायका-पोरी रस्ता ओलांडून पलीकडच्या विहिरीवर जायच्या. अशीच तांड्यातल्या गंगीची मुलगी रंजिता डोक्यावर घागर घेऊन येत असताना तिला ट्रकचा धक्का लागला. सातवीतली पोर. पायात धातूची पट्टी बसवावी लागली, अजून लंगडते.

त्यानंतर तांड्याची बैठक बसली आणि गंगी सगळ्यांसमोर बोलली. "कर आपल्या रस्त्याचा, अन् आपनच त्यायच्या दारात हात पसरून राह्यलो. उलटं करा. वसुली आपन करू, त्यायचा वाटा आपन त्यायले पाठवू. अन् आपला मेंबर आपलं तिथं सांगनारा पाह्यजे, तिथलं आपल्याले सांगनारा नाई."

नायक हो म्हणाले. कोणी नाही म्हटलं नाही. तांड्यात नायकासमोर झालेली गोष्ट पक्की समजतात, ती कागदावर उतरवायचं कोणाच्या मनातही येत नाही. चूक झाली ती इथेच.

मला तांड्याच्या तोंडाशी रोवलं. वीस दिवस मी पुन्हा कामावर होतो. ट्रक माझ्यासमोर थांबायचा, पावती घ्यायचा, मग मी वर व्हायचो. थांबावं लागतं म्हटल्यावर ट्रक तांड्यातून हळू जायला लागले. पाइपलाइनसाठी चर खणायला सुरुवात झाली. मोठ्या गावाचा वाटा नायकांनी स्वतः नेऊन दिला, पण सरपंच पुंडलिकरावांनी तो परत पाठवला.

एकविसाव्या दिवशी दुपारी पंचायत समितीची जीप आली. जीपमधून विस्तार अधिकारी साहेब आणि पुंडलिकराव उतरले. त्यांच्या मागून मोटरसायकलवर मेंबर गुलाबसिंग आणि त्याची बायको उर्वशी. ती दोघं राहायला मोठ्या गावात असली तरी मतदार तांड्याचीच. सगळ्यांच्या मागे एक ट्रॅक्टर होता आणि त्याच्या ट्रॉलीत गॅस कटर. तो दिसला आणि मला सगळं समजलं.

"दांडा कोणाच्या परवानगीने लावला?" साहेबांनी विचारलं. "ठराव दाखवा."

"ठराव झाला, साहेब," नायक म्हणाले. "मी हो म्हनलो, समद्यायनं आयकलं."

"कागद कुठे आहे?"

"कागद नाई. तांड्याचा शब्द हाय."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने कपाळ चोळलं आणि म्हणाला, "नायक, शब्द मला वर पाठवता येत नाही. चार वाजेपर्यंत थांबतो. सभेला शंभर जणांची हजेरी लागते. तांड्यातले शंभर मतदार दांड्याच्या आत बसवा. सह्या, अंगठे आणि हात वर करून मत. मग मी ठराव वर पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत दांडा राहील. शंभर भरले नाहीत, तर हे अतिक्रमण समजून आजच काढावं लागेल."

तेव्हा दीड वाजला होता. मतदार यादीत तांड्याची दोनशे तीस नावं होती, पण पौष महिना. निम्म्याहून जास्त माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेली. पुंडलिकरावांना हे माहीत होतं. ते जीपच्या सावलीत निवांत बसले.

ग्रामसेवक अक्षय यादी घेऊन माझ्याजवळ उभा राहिला. घराघरांतून माणसं आली, साठ झाली. नायकांनी शेतांकडे निरोप धाडले. कापूस वेचणाऱ्या बायका ओटीतला कापूस तसाच घेऊन धावत आल्या. चौऱ्याऐंशी. बकऱ्या राखणारे आले. एक्याण्णव. एक पोरगा येऊन बसला, अक्षयने यादी पाहिली आणि त्याला उठवलं, कारण अठरा पूर्ण व्हायला त्याला महिना कमी होता. माझ्यामागे रेतीचे ट्रक येऊन उभे राहायला लागले आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले.

तीन वाजता चौघं जण एक खाट उचलून घेऊन आले, त्यांत तो उठवलेला पोरगाही होता. खाटेवर लीलाबाई, गुलाबसिंगची आई. गुडघ्यांमुळे दोन महिने घराबाहेर पडली नव्हती. पलीकडे उभ्या असलेल्या लेकाकडे तिने पाहिलं. खाट माझ्या आत ठेवली गेली. तिला धरून पंच्याण्णव झाले.

मग एक म्हातारा आला, पाठोपाठ दोन बायका. अठ्ठ्याण्णव. आणि मग कोणीच येईना.

साडेतीन वाजले. कटरवाल्याने नळी जोडून पाहिली. मित्रांनो, मला भीती वाटली, सरळ सांगतो. आगीचीही वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती गंगीच्या चेहऱ्याची. ती रस्त्याकडे टक लावून बसली होती, रंजिताचा हात हातात घेऊन. मी गेलो की ट्रक पुन्हा पूर्वीसारखे सुसाट जाणार होते, चर तसाच बुजणार होता आणि त्या पोरीला पुन्हा घागर घेऊन तोच रस्ता ओलांडायचा होता.

तेवढ्यात उर्वशी पुढे आली. "अक्षयभाऊ, माह्यं नाव हाय ना यादीत?"

"आहे, वहिनी."

तिने नवऱ्याला विचारलं नाही. पदर सावरला, माझ्याखालून वाकून आत आली आणि सासूच्या खाटेजवळ बसली. नव्व्याण्णव.

आता सगळे गुलाबसिंगकडे बघायला लागले. त्याचा स्वतःचा एक टिप्पर रेतीवर चालतो. पुंडलिकराव जीपच्या सावलीतून उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उपसरपंच तूच होनार हायस, गुलाबसिंग. कायले त्यायच्या भानगडीत पडतं?"

गुलाबसिंग हलला नाही. घड्याळाकडे बघत राहिला. पावणेचार झाले. लोखंडाला मत नसतं, नाहीतर मीच माझं नाव सांगितलं असतं. इतक्या वर्षांत मला त्याची कधी खंत वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली.

गंगी उठली. माझ्याजवळ आली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवून म्हणाली, "गुलाबभाऊ, आमच्या विरोधात हात वर करजो. पन अंदर येऊन करजो."

"अंदर आलो का तुमचा झालो म्हनतीन," तो म्हणाला.

"तू आमचाच हायस. मत तुह्यं हाय."

खाटेवरून लीलाबाईने बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्याला हाक दिली, "आव, बेस." ये, बस. जेवायला बोलवावं तितक्या साध्या आवाजात.

गुलाबसिंग माझ्यापाशी आला. त्याचा तळवा माझ्यावर टेकला, घामाने ओला होता. नायक मला उचलायला माझ्या वजनाच्या टोकाकडे गेले, तसा तो म्हणाला, "राहू द्या, नायक." आणि वाकून आत आला. आईच्या खाटेपासून चार हात लांब, एकटाच बसला.

"शंभर," अक्षय म्हणाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हॉर्न मात्र थांबले होते. ड्रायव्हरही खाली उतरून पाहत होते.

साहेबांनी ठराव वाचला. रस्त्याचा कर तांडा गोळा करेल, ठरलेला वाटा मोठ्या गावाला पाठवेल, उरलेला रस्त्याला आणि पाण्याला लावेल. तांड्याचा मेंबर पंचायतीत बसण्याआधी तांड्याला विचारेल आणि परत येऊन काय झालं ते सांगेल. बाजूने किती? हात वर झाले. उर्वशीचा झाला, लीलाबाईचाही झाला. अक्षयने दोनदा मोजले.

"विरोधात?"

गुलाबसिंगने हात वर केला. आईसमोर, बायकोसमोर, गंगीसमोर. तो एकच हात होता आणि अक्षयचं लिहून होईपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.

"विरोध नोंदवायचा ना?" साहेबांनी विचारलं.

"नोंदवा. गाडीवाल्यायचंही कोनी बोला लागते."

मग त्याने हजेरीच्या कागदावर सही केली. ठराव नव्व्याण्णव विरुद्ध एक असा मंजूर झाला. साहेबांनी कागद बॅगेत ठेवला आणि कटरवाल्याला जायची खूण केली. पुंडलिकराव जीपमध्ये बसले. त्यांनी गुलाबसिंगला हाक मारली, "चाल, बस."

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "याडीले घरी पोचवतो अगोदर." याडी म्हणजे आई.

त्याने खाटेचा एक पाय धरला. समोरचा पाय गंगीने धरला, बाकी दोन नायकांनी आणि उर्वशीने. चौघं पावलाला पाऊल जुळवत लीलाबाईला घेऊन तांड्यात गेले. विरोध करणारा कोण आणि ठराव मांडणारी कोण, हे लांबून कोणाला ओळखता आलं नसतं.

मित्रांनो, त्याला आता दोन महिने झाले. वरून उत्तर आलेलं नाही. ते 'हो' येईल की 'नाही', मला ठाऊक नाही. जीपचा आवाज आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. तोवर मी माझं काम करतोय. तुम्ही कधी या रस्त्याने आलात, तर माझ्या सांध्यात चार थेंब तेल घाला, आणि जमलं तर रंगाचा एक हात द्या. म्हाताऱ्याची एवढी हौस पुरवायला हरकत नाही.

खरी विनंती मात्र माझ्यासाठी नाही. तुमच्या गावात बैठक बसेल तेव्हा काय ठरलं ते लिहून ठेवा. अठरा वर्षांचे झालात की जाऊन बसा. पटत नसेल तर नाही म्हणा, पण बसून म्हणा. उद्या उत्तर 'नाही' असं आलं, तर कटर पुन्हा येईल आणि माझे तुकडे होतील. त्या दिवशी माझ्यासाठी रडत बसू नका. दांडा दुसरा मिळतो. बसलेली माणसं तेवढी उठून जाऊ देऊ नका.