सात चौदाचा थांबा

खिडकीवाल्या बाईंना आयुष्यात कोणी पुस्तकासाठी काही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या उपनगरातल्या एका लहान स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसल्या, आणि लोकांनी त्यांना विचारलं ते एवढंच, की पुढची गाडी किती वाजता. त्यामुळे धाकटा भाऊ वही घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आपल्या स्टेशनला पंच्याहत्तर वर्षं होतायत, इतिहासाची पुस्तिका काढायची आहे, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?" तेव्हा बाई हुरळून गेल्या. त्यांना हसू नका. आपणही हुरळलो असतो.

हा भाऊ रेल्वेच्या मुख्य कचेरीत, वेळापत्रक विभागात साहेब होता. आईवडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा. बाईंनीच त्याला वाढवला, शिकवला. एरवी वर्षातून दोनदा उगवायचा, तेही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. आता ओळीनं चार रविवार आला. बाई शनिवारपासूनच खुर्च्या पुसायला घ्यायच्या. सून म्हणायची, "आई, मामा येणार म्हटलं की घरात तपासणी असल्यासारखं वाटतं."

सून शहरातल्या इस्पितळात नर्स. मुलगा बोटीवर, आठ-आठ महिने समुद्रात. सून सकाळी सात चौदाची जलद पकडायची आणि आठच्या ड्यूटीला पावणेआठलाच हजर व्हायची. चार वर्षांची नात बाईंकडे. तिला उठवणं, न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, सगळं बाईंचं. त्या गाडीवर अख्खं घर चालत होतं म्हणा ना.

तर बाई सांगत गेल्या आणि भाऊ लिहीत गेला. आधी इथे स्टेशन नव्हतंच, वीटभट्टीसाठी टाकलेला एक फाटा होता. पहिला फलाट कोळशाच्या राखेचा, उतरलेला माणूस गुडघ्यापर्यंत काळा. पहिली तिकीट खिडकी मोडीत निघालेल्या मालडब्याला भोक पाडून केलेली. मग पूल आला, तो बांधायला तीन वर्षं आणि उद्घाटनाला तीन तास. सामान ठेवायची खोली आली आणि बंद पडली. पार्सलचा काटा आला, त्यावर लोक पार्सलपेक्षा स्वतःचंच वजन जास्त करायचे. भाऊ खो-खो हसला. बाईंना वाटलं, पोरगा किती वर्षांनी असा मोकळा हसतोय.

चौथ्या रविवारी त्यानं विचारलं, "सात चौदाची जलद आपल्याकडे नक्की कोणत्या तारखेपासून थांबते गं? मंजुरीचा कागद काही सापडत नाही."

"सापडेल कसा? मंजुरी नव्हतीच," बाई म्हणाल्या, आणि ज्या गोष्टीबद्दल सत्तावीस वर्षं अळीमिळी गुपचिळी होती ती त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. पुढच्या मोठ्या स्टेशनात काम निघालं होतं, म्हणून जलद गाडी पंधरा दिवसांपुरती इथे थांबवली होती. मुदत संपताना थांबा रद्द झाल्याचा कागद आला. मास्तर रजेवर. कागद बाईंच्या हातात पडला आणि त्यांनी तो खणात टाकला, तो टाकलाच. कोणी विचारलं नाही, गाडी थांबत राहिली. नव्या वेळापत्रकासाठी मुख्य कचेरीनं स्टेशनकडून तक्ता मागवला, त्यात बाईंनी थांबा लिहून दिला, आणि तो छापून आला. एकदा छापलेल्याला कोण विचारतंय?

"पण का केलंस?"

खरं कारण बाईंच्या ओठावर आलं होतं. पण म्हटलं, कशाला, पोराला उगाच ओझं वाटेल. "लोकांची सोय," त्या म्हणाल्या.

"आहे तो कागद? पुस्तिकेत फोटो घालू. तुझं नाव नाही येणार."

बाईंनी कपाटातल्या डब्यातून कागद काढून दिला. टाचणीच्या गंजानं कोपरा तांबडा झाला होता. भावानं तो वहीत नीट ठेवला, चहा अर्धाच पिऊन निघाला. पाचव्या रविवारी आला नाही. सहाव्याही नाही.

दोन महिन्यांनी नवं वेळापत्रक लागलं, आणि सात चौदाची जलद स्टेशनातून धडधडत निघून गेली. फलाटावर शंभरएक माणसं पिशव्या धरून बघत राहिली. सून त्यांच्यातच होती. त्या दिवशी ती चाळीस मिनिटं उशिरा पोचली, दुसऱ्या दिवशीही. इस्पितळात मेमो मिळाला. त्याआधीची धिमी गाडी पहाटेची, आणि बारा तासांची ड्यूटी करून रात्री घरी यायचं आणि परत ती पकडायची म्हणजे माणूस आठवड्यात आडवा. शेवटी सून खाली मान घालून म्हणाली, "आई, मी तिकडेच इस्पितळाजवळ खोली बघितली आहे. पिल्लूला घेऊन जाते. तुम्ही रागावू नका." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नातीचे फ्रॉक घड्या करून दिले.

मग एका संध्याकाळी प्रवासी संघटनेचे सचिव आले. स्टेशनसमोर त्यांचं चष्म्याचं दुकान. संघटनेच्या अर्जाला उत्तर आलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. बाईंनी वाचलं. सदर थांबा कधीही मंजूर नव्हता, तत्कालीन तिकीट कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे तो रद्द व्हायचा राहून गेला, सबब तक्रारीचा विचार करता येत नाही. सोबत जुन्या कागदाची प्रत, कोपऱ्यावर गंजाचा डाग. खाली भावाची सही.

"बाई, तेव्हा खिडकीवर..." चष्मेवाले म्हणाले आणि थांबले.

"मीच होते. दुसरं कोण असणार?"

रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच शब्द ठाण मांडून होता. हलगर्जीपणा. एकतीस वर्षांत एक तिकीट चुकीचं दिलं नाही, एक दिवस खिडकी उशिरा उघडली नाही, आणि हा पोरगा, ज्याच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनी हातानं शिवल्या, तो लिहितो हलगर्जीपणा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

सकाळच्या धिम्या गाडीनं बाई मुख्य कचेरीत गेल्या. दुसरा मजला, काचेची केबिन. भावानं उठून दार लावून घेतलं.

"ताई, तुझं नाव कुठेही घातलं नाही मी."

"घालायची गरज काय होती? पुस्तिका कुठाय?"

"ते... ते पुढे बघू." त्यानं पेन उघडलं, बंद केलं. "गाडीची चार मिनिटं वाचतात. तीन वर्षं वरचे माझ्या मागे लागले होते. थांबा काढला की लोक मोर्चे काढतात. पण मंजूरच नव्हता म्हटल्यावर कोणी बोलू शकत नाही. तू समजून घे."

"म्हणजे चार रविवार तू ह्यासाठी आलास."

त्यानं बंद दाराकडे एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हे बघ, आता तक्रार वगैरेत पडू नकोस. कागद कोणी दाबला ते विचारतील. तुझ्या पेन्शनचा प्रश्न येईल. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोच कपाळावरचा व्रण, तीच खालचा ओठ चावायची सवय.

"तुझं कॉलेज आठला भरायचं," त्या म्हणाल्या. "धिम्यानं जायचास तेव्हा पहिला तास रोज बुडायचा. परीक्षेला बसू देणार नाही म्हणून चिठ्ठी आली होती, आठवते? त्याच आठवड्यात जलद थांबायला लागली. पंधरा दिवसांनी तो कागद आला. तू पुढे चार वर्षं त्या गाडीनं गेलास."

भाऊ खुर्चीत बसून राहिला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"कागद दिला ना तुला. तेवढा पुरला."

खाली तळमजल्यावर अर्ज घ्यायची, आवकची खिडकी होती. बाईंनी बाकावर बसून कोरा कागद घेतला. थांबा परत येणार नाही आणि नातही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्षर अजून वळणदार होतं. हलगर्जीपणा झालेला नाही, त्यांनी लिहिलं. रद्द केल्याचा आदेश मी जाणूनबुजून दाबला. कारण, धाकट्या भावाचं कॉलेज. खाली पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक आणि सही. मग तेच दुसऱ्या कागदावर उतरवून प्रत केली.

खिडकीतल्या कारकुनानं कागद दोनदा वाचला. असला अर्ज त्याच्या हातात कधी आला नसावा.

"हे भाऊ हयात आहेत का, मावशी?" त्यानं विचारलं.

"आहेत. दुसऱ्या मजल्यावर बसतात," बाई म्हणाल्या आणि प्रत पुढे सरकवली. "ह्याच्यावर पोच द्या. शिक्का जरा नीट उमटवा, तारीख वाचता यायला हवी."