तिच्या पेशींची कुपी

पेशी गोठवून ठेवायची द्रव नायट्रोजनची टाकी कोरडी पडल्याचं सोमवारी सकाळी कळलं. झाकण उघडलं, पण नेहमीची वाफ आली नाही. आतल्या कुप्या हाताला गारही लागेनात. त्यांत माझ्या बायकोने एकोणीस वर्षांपूर्वी तयार केलेल्या पेशी होत्या; त्या वितळून मेल्या होत्या. त्या पेशी एक प्रतिपिंड बनवायच्या. माणसाच्या शरीरात पेशींच्या बाहेर फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन असतं. ते कुठे आहे, हे त्या प्रतिपिंडामुळे दिसतं. आमच्या प्रयोगशाळेचं निम्मं काम त्यावरच चालायचं.

ती जाऊन आठ महिने झाले होते. दर शनिवारी टाकीत लाकडी पट्टी बुडवून पातळी बघणं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर मला वाटलं बाई बघतात, बाईंना वाटलं मी बघतो. बाई आमच्या प्रमुख. मी तिथे ऊतींचे पातळ काप काढतो.

"बाजारात दुसरं मिळतं," बाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पण इतकं स्वच्छ नाही दिसायचं."

घरी येऊन मेहुणीला फोन केला. ती दुसऱ्या गावी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत असते. रडगाणं गायलाच केला होता.

"अहो भाऊजी, ताईने मला दोन कुप्या दिल्यात की."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तुम्ही अर्ज भरायला लावला असता."

"जिवंत असतील?"

"माझी टाकी मी स्वतः बघते."

मी एकच कुपी मागवली; दुसरी तिच्याच टाकीत राहू दिली.

कुपी आली तशा बाईंनी त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढायला घातल्या. पहिले तीन दिवस नुसता गाळ दिसत होता. चौथ्या दिवशी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी ओढत नेलं. गोल, चकचकीत पेशी होत्या. कुठे दोन, कुठे चार.

महिन्याभराने नव्या प्रतिपिंडाची चाचणी घेतली, माझ्याच कातडीवर. पाठीवरची चामखीळ काढली होती तेव्हा बायकोने ती डॉक्टरांकडून मागून घेतली आणि मेणात बसवली. प्रत्येक खेप ती त्यावरच तपासायची. "तुमच्या अंगातलं एवढंच कामाचं निघालं," म्हणायची. मी काप काढला, त्यावर प्रतिपिंड लावलं. सूक्ष्मदर्शकाखाली फायब्रोनेक्टिनचे हिरवे धागे उमटले, एकेक सुटा दिसेल असे.

त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवलो.

आता चाळीस कुप्या गोठवल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या शेजारच्या इमारतीतल्या टाकीत ठेवायचं ठरलं आहे. ते अजून व्हायचं आहे.