ईप्सिताचा नकार

जर्मनीतल्या आखनहून बसने चाळीस मिनिटांवर, सुयांच्या बंद पडलेल्या कारखान्यात भरणाऱ्या त्या कॉलेजात परीक्षा नव्हती, मार्क नव्हते, शिपाई नव्हता. वर्ष दुसरं, विद्यार्थी एकतीस, शिक्षक नऊ. भांडी सगळ्यांनी घासायची आणि निर्णयही सगळ्यांनी घ्यायचे. जो इथे जेवतो त्याला मत. एकाने जरी 'नाही' म्हटलं, तरी त्याचं कारण ऐकेपर्यंत ठराव अडायचा. तोवर सेमिस्टर संपलं, तर ठरावच बाद. मात्र असं 'नाही' सेमिस्टरमधून माणशी एकच.

तिथे गणित शिकवणाऱ्या कादंबरीने आपलं 'नाही' ऑक्टोबरातच उडवून टाकलं होतं. मसूर न शिजवता नुसता भिजवून वाढायचा ठराव आला, आणि तिला काही राहवलं नाही.

जानेवारीत फेलिक्स नावाच्या विद्यार्थ्याने ठराव आणला: तळमजल्यावरच्या खेळखोलीची मौनखोली करावी.

"खेळखोली गेली की माझी नोकरी गेली," ती नवऱ्याला म्हणाली. अडीच वर्षांची लेक ईप्सिता दिवसभर तिथेच असायची; किटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, वेटिंग लिस्टवर तिचा नंबर होता त्रेचाळिसावा.

"मग नाही म्हण ना!"

"संपलं माझं. मसुरात गेलं."

श्रीरंगने हातातला टोस्ट खाली ठेवला. "हे कॉलेज आहे की गणपती मंडळ?"

"मंडळात प्रसाद तरी शिजवलेला असतो."

बुधवारी दोनच्या सभेत ती लेकीला मांडीवर घेऊन बसली. एक डोळा फेलिक्सवर, एक भिंतीतल्या प्लगवर.

"कुणाची हरकत?" संस्थापिका उल्रिकेने विचारलं.

ईप्सिता चुळबुळायला लागली म्हणून कादंबरीने तिच्यापुढे गाजर धरलं.

"नाइन!" ईप्सिता कडाडली. जर्मनमधलं खणखणीत 'नाही'.

"सॉरी, ती गाजराला म्हणाली," कादंबरी बोलून गेली आणि तिने स्वतःचीच जीभ चावली.

"आल्झो, तर मग," उल्रिके म्हणाली, "सात महिने जेवते आहे ती इथे. कशाला म्हणाली ते तीच सांगेल."

"गेनाऊ, बरोबर," फेलिक्स पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला. नियम त्यानेच लिहिला होता. कारण विचारायला तो ईप्सितापुढे उकिडवा बसेपर्यंत ती मान टाकून झोपली होती. ठराव पुढच्या बुधवारवर गेला.

कादंबरीला वाट सापडली. दर बुधवारी बारा वाजता ती लेकीला मागच्या टेकडीवर मेंढ्या दाखवायला न्यायची, तीही चालवत. दोनच्या ठोक्याला पोर खेळखोलीत गाढ. जागी होताच कारण विचारता यावं म्हणून फेलिक्स उशाशी पुस्तक घेऊन बसायचा. वर सभेत टेबलं ठोकून दाद द्यायची पद्धत होती. मतदार उठेल म्हणून आता नुसते हात हलायचे.

सेमिस्टरच्या शेवटच्या बुधवारी नेमका गारांचा मारा. टेकडी रद्द. ईप्सिता टक्क जागी! सभा सुरू झाली तरी कादंबरीचं लक्ष जिन्याकडेच. वीस मिनिटांनी तिला धीर धरवेना. ती धावत खाली गेली.

फेलिक्स ईप्सिताला थोपटत होता. "गाई गाई," तो जर्मन गळ्यातून पुटपुटत होता. कादंबरीला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू! या इमारतीत एवढी शांतता दुसरीकडे कुठेच मिळत नाही."

ईप्सिताने एक डोळा उघडला. "नाइन."

"मी काही ऐकलं नाही," असं कुजबुजत फेलिक्सने तिच्या अंगावर पांघरूण ओढलं.