देवापुढचं इंजेक्शन

दुपारी दोनला उर्वशीने फ्रीज उघडला. इंजेक्शनचा डबा जागेवर नव्हता. मूल राहावं म्हणून चाललेल्या उपचारातलं ते हार्मोनचं इंजेक्शन आज रात्री आठच्या आत घ्यायचं होतं. पेटंटचं, एकाच कंपनीचं. राजुऱ्यात सोडा, चंद्रपुरातही मिळत नव्हतं.

"आई, डबा कुठी हाय?"

"देवापाशी," सासूबाई, म्हणजे आशाबाई, कौतुकाने म्हणाल्या. "नवी वस्तू पयले देवापुढं ठेवा लागते ना? सकाळीच ठेवला."

डब्यावर हळदकुंकू होतं. बाहेर मे महिन्याचं सेहेचाळीस डिग्री ऊन, आणि डबा हाताला चांगला गरम लागत होता.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "ते वापरू नका. आठपर्यंत नवं मिळालं तर ठीक, नाहीतर हा महिना वाया गेला."

आशाबाईंनी ते ऐकलं. गल्लीत कोणाच्या सुनेला कितवा महिना, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या सुनेच्या उपचाराची मात्र वर्षभर त्यांनी कुणाला कुणकुण लागू दिली नव्हती. विचारणाऱ्याला 'पित्ताच्या गोळ्या' सांगायच्या.

त्या तडक अंगणात गेल्या आणि भिंतीपलीकडे ओरडल्या, "दिव्यानी! तुहा नवरा नागपुरात हाय ना गाडी घेऊन? त्याले म्हण, आमच्या उर्वशीचं लेकरासाठीचं इंजेक्शन आण. बर्फात ठेवून आण!"

समोरची तीन दारं उघडली. उर्वशी मागोमाग अंगणात धावली.

"आई, हळू बोला ना!"

"हळूच बोलून राह्यलो होतो वर्सभर. तू डॉक्टरबाईच्या चिठ्ठीचा फोटो पाठव त्याले."