चूळ भरल्यावरची लाळ

लाळ म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, मित्रांनो. मुरडा खुशाल! माझा सारा जन्म तिच्यातच गेला. दातांच्या दवाखान्यात टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लाळ तपासणारा मी एक जुना डबा आहे. माझं खरं नाव हातभर लांब आहे, पण पहिल्याच दिवशी मदतनीस ताईंनी विचारलं, "हा डबा कुठे ठेवू?" आणि तेच नाव मला चिकटलं.

मला घडवलं एका थंड, पांढऱ्या खोलीत. पोटात एक बारीक डोळा बसवला आणि डोक्यावर तीन दिवे. पेशंटने नळीत थुंकायचं, ताईंनी त्यात कागदाची पट्टी बुडवून ती माझ्या तोंडात सरकवायची. हिरड्या आतून सुजल्या की दातांची पकड पोखरणारा एक पदार्थ लाळेत वाढतो. तो फार दिसला तर मी लाल दिवा लावायचा, नाहीतर हिरवा. नमुन्यातच गडबड वाटली तर पिवळा, म्हणजे पुन्हा थुंका.

सुरुवातीला काय कौतुक माझं! मी लाल दाखवावं, डॉक्टरबाईंनी बारीक सळईने दातापासून सुटलेल्या हिरडीची खोली मोजावी आणि उत्तर जुळावं. मी शेफारलो. पिवळा लागला की मात्र ताई कपाळाला हात लावायच्या, "झालं याचं सुरू!" मला पिवळ्याची लाजच वाटू लागली. इकडे डॉक्टरबाईंनी हिरवा दिवा लागलेल्यांना सळई लावणं सोडून दिलं होतं. एवढा विश्वास! त्या विश्वासाची मी माती केली.

एके दुपारी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका काकूंना घेऊन आले. वाजवताना वाद्याच्या तोंडाशी असलेल्या वेताच्या पत्तीवर रक्त लागतं, म्हणाले. त्या वाद्याचं टोक वरच्या दातांखाली धरावं लागतं. पुढचे दात गेले तर काकांचं वाजवणंच गेलं.

ताईंनी नेहमीसारखं विचारलं, "अर्ध्या तासात काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"छे, छे!"

खरंच नव्हतं खाल्लं. पण वास मारणारं तोंड डॉक्टरांपुढे कसं उघडायचं? भिडस्त माणूस. आत येण्याआधी त्यांनी बाहेरच्या बेसिनवर पाच-सहा चुळा खळखळून भरल्या होत्या. चूळ म्हणजे काही खाणंपिणं नव्हे, आणि चुळीचं कुणी विचारलंही नाही.

लाळ चिकट असते, मित्रांनो, ती पट्टीवर रेंगाळत चढते. ही पाण्यासारखी सरसर चढली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच कळलं, इतक्या पातळ लाळेत तो पदार्थ सापडणारच नाही! पिवळा लावायला हवा होता. पण बाहेर सात माणसं खोळंबली होती, ताई घड्याळाकडे बघत होत्या, आणि मला पुन्हा बोलणी खायची नव्हती. मी हिरवा लावला.

"हिरड्या छान आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पत्ती टोचत असेल, बदलून बघा."

जाताना काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दहा महिन्यांनी ते परत आले तेव्हा वरचे पुढचे दोन दात बोटाने हलत होते. ते काढावेच लागले. काकू रडता रडता चिडल्या, "दात घासायचा कंटाळा करता ना, भोगा आता!"

"चुकलंच माझं," काका मान खाली घालून म्हणाले. "मशीनने तर चांगलं सांगितलं होतं. मीच हयगय केली असणार."

रोज दोनदा घासणारा माणूस हो! माझा गुन्हा त्यांनी आपल्या माथी घेतला. मला तोंड असून बोलता येईना.

कवळी बसवल्यावर काका वाद्य घेऊन आले आणि खुर्चीतच फुंकून बघू लागले. नुसती हवा फुसफुसली. तिसऱ्या वेळी एक सूर निघाला आणि कवळी सटकून तो तुटला. काकांनी वाद्याचा एकेक तुकडा पुसून पेटीत ठेवला. घाई अजिबात केली नाही.

डॉक्टरबाईंनी माझी जुनी नोंद काढली. पट्टी किती वेळात भिजली तेही त्यात होतं, त्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"काका, त्या दिवशी चूळ भरली होती का हो?"

"हो, म्हणजे... घाणेरडं तोंड घेऊन तुमच्यासमोर कसं बसणार?"

"मी विचारायला हवं होतं. सळई लावायला हवी होती. चूक माझी आहे, तुमची नाही."

काकूंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. काका म्हणत राहिले, नाही हो, माझीच. डॉक्टरबाई आणि काका, दोघंही एकाच चुकीसाठी भांडत होती आणि ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो.

आता डॉक्टरबाई सगळ्यांनाच सळई लावतात आणि चुळीचं आधी विचारतात. बरंच झालं. मित्रांनो, लाळ द्यायला जाल तेव्हा तोंड आहे तसं घेऊन जा, डॉक्टरांची लाज धरू नका. हिरडीतून रक्त येत असेल तर माझ्यासारख्याच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका, "पुन्हा बघा" असं ठणकावून सांगा. आणि कधी तुम्हालाच कुणी काही विचारलं आणि खात्री नसली, तर तसं सांगून टाका. चार शिव्या पडतील, पडू देत. मी त्या चुकवल्या, आणि एका माणसाचं वाजवणं थांबलं.