कॅप्टनचा ब्रश आणि बदामी बूट

मित्रांनो, दाराजवळच्या लाकडी पेटीत पडून असलेला मी एक जुना बुटांचा ब्रश आहे. माझी पाठ लाकडाची आणि केस घोड्याचे. आता निम्मे केस गळाले आहेत. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांना चमकवले, त्याने स्वतःच्या टकलाची लाज कशाला धरावी?

एका कारागिराने माझ्या पाठीला भोके पाडून केसांचे झुपके पक्के बसवले. मग लष्कराच्या कोठारातून मी नुकतेच मिसरूड फुटलेल्या एका जवानाच्या हाती पडलो. बर्फात, चिखलात, तंबूत आम्ही बरोबर राहिलो. एकदा त्याचा जोडीदार चौकीवरून परत आलाच नाही. त्याचे सामान घरी पाठवायचे होते. जवान त्याचे बूट घेऊन बसला आणि कितीतरी वेळ मला त्यांवर फिरवत राहिला. "त्याच्या आईच्या हातात मळके बूट पडायला नकोत," एवढेच तो म्हणाला. या माणसाची माया जिभेवर येत नाही, हातात उतरते, हे मला तेव्हा कळले.

पुढे तो निवृत्त होऊन घरी आला. शेजारी त्याला कॅप्टन म्हणू लागले. कॅप्टन तो कधीच नव्हता, पण चाल तशी होती, म्हणून मीही आता तेच नाव घेतो. कॅप्टन रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठत, बुटक्या स्टुलावर बसत आणि घरातली पादत्राणे ओळीने मांडत. आधी बायकोच्या चपला, मग लेकीचे शाळेचे बूट, सगळ्यांत शेवटी स्वतःचे. बुटाच्या टोकावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग मला फिरवायचे, अशी त्यांची रीत होती.

"अहो, चेहरा दिसेल इतकं नका घासू. सकाळी सकाळी मला माझ्या सुरकुत्या बघायच्या नाहीत," बायको म्हणे. कॅप्टन गालातल्या गालात हसत. लेक परीक्षेला निघाली, पुढे नोकरीला निघाली. 'यशस्वी हो' असे त्यांच्या तोंडून कधी निघाले नाही, पण तिचे बूट मात्र लखलखत असत.

मग बायको वारली. लेक दूरच्या शहरात राहायला गेली. घरात एकच जोड उरला, आणि कॅप्टन तोच सकाळ-संध्याकाळ घासू लागले. मला फार एकटे वाटे. त्यांना किती वाटत असेल!

गेल्या वर्षी लेक आली. सकाळी ती झोपलेली असताना कॅप्टनना दाराशी तिचे बूट दिसले. बदामी रंगाचे, मखमलीसारख्या मऊ चामड्याचे. त्यांची नजर अधू झालेली, आणि पेटीत पॉलिशची डबी एकच, काळी. किती वर्षांनी लेकीचे बूट हाती आले होते! आम्ही दोघांनी जीव ओतून एक बूट काळाकुट्ट केला.

"बाबा, हे काय केलंत? इतके महागाचे बूट! विचारायचं तरी!"

"चुकलं गं बाळ. मला वाटलं, मळलेत."

ते बूट पिशवीत टाकून ती आईच्या जुन्या चपला घालून गेली. कॅप्टननी मला पेटीत ठेवले आणि पेटी पुन्हा उघडली नाही. फोनवर ते म्हणत, "सगळं ठीक आहे." त्यांच्या स्वतःच्या बुटांवर धूळ साचली, तरी त्यांनी मला हाक मारली नाही. अंधारात मी वाट पाहत राहिलो. मग एका सकाळी कॅप्टन उठलेच नाहीत.

लेक आली तेव्हा घर माणसांनी भरले होते. तिला दाराशी ते धुळकट बूट दिसले. ती बुटक्या स्टुलावर बसली आणि तिने मला बाहेर काढले. तेव्हा मला तिचे पाय दिसले. तिच्या पायांत तेच बूट होते, पण आता दोन्ही काळे.

"दुसराही मीच काळा केला," ती शेजारच्या काकूंना म्हणाली. "तेव्हापासून रोज हेच घालते. पुढच्या खेपेला बाबांना दाखवणार होते. फोनवर काय सांगायचं, म्हटलं."

तिने बाबांच्या बुटावर तोंडाची वाफ सोडली, अगदी त्यांच्यासारखी. पण मला फिरवण्याआधीच तिला रडू कोसळले.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. धूळ बसलेले बूट उद्याही चमकवता येतात. पण घरातल्या माणसाला जे सांगायचे आहे, ते त्याच्या कानांवर वेळेत पडू द्या. मी आणि कॅप्टन, आम्हाला नुसते घासता येत होते. तुम्हाला तर बोलता येते.